रायबोसोमच्या दारातच विषाणूला अडवता येईल?

हिपॅटायटिस सी विषाणूवरच्या लिखाणात एक दावा वारंवार भेटतो: विषाणूच्या आरएनएचं ट्रान्सलेशन रोखलं की औषध मिळालं. आज आपण हा दावा तपासून पाहू.

कल्पना मुळात सुरेखच आहे. आपल्या पेशीतल्या संदेशवाहक आरएनएच्या टोकाला रासायनिक टोपी असते. बहुतेक वेळा ती ओळखूनच रायबोसोमचं काम सुरू होतं. या विषाणूच्या सुमारे 9,600 अक्षरी आरएनएला अशी टोपीच नाही. त्याऐवजी सुरुवातीला आयआरईएस नावाचा घडीदार भाग आहे. तो रायबोसोमचा लहान घटक थेट ओढून घेतो. म्हणजे बघा, विषाणूचं दार वेगळं, आपलं वेगळं. मग त्याचंच दार बंद करा ना!

तसे प्रयत्न झालेही. बेन्झिमिडाझोल वर्गातले काही रेणू या भागाचा वाकलेला सांधा सरळ करतात. आयसिस 14803 हे अँटिसेन्स औषध तर रुग्णांपर्यंत पोचलं. पण मोजक्याच रुग्णांत विषाणू घटला, आणि काहींच्या यकृताची एन्झाइमं चढली. पुढे 2013 मध्ये विषाणूच्या आरएनएची नक्कल थांबवणारं सोफोसबुविर बाजारात आलं आणि स्पर्धेचं चित्रच पालटलं.

आमचा आक्षेप कल्पनेवर नाही, मोजपट्टीवर आहे. पेशींतला ल्युसिफरेजचा उजेड मंदावला की ट्रान्सलेशन थांबलं, असं म्हटलं जातं. पण पेशीच आजारी पडली तरी उजेड मंदावतोच! त्याच पेशीत टोपीवाल्या आरएनएचं काम नीट चालू आहे, हे सोबत दाखवायलाच हवं. शिवाय आजच्या गोळ्यांनी 95 टक्क्यांहून जास्त रुग्ण बरे होतात. नव्या रेणूची तुलना त्यांच्याशी व्हायला हवी.

मग हा विचार सोडून द्यायचा का? नाही. हिपॅटायटिस बी पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये 25.4 कोटी लोकांना त्याचा जुनाट संसर्ग होता. टेनोफोविर विषाणूची नक्कल रोखतं, पण त्याचं पृष्ठभागावरचं प्रथिन बनतच राहतं. बेपिरोविर्सेन विषाणूच्या आरएनएला चिकटून त्याचे तुकडे करवतं. काटेकोर अर्थाने हे ट्रान्सलेशन रोखणं नव्हे; पण रायबोसोमला वाचायला काही उरत नाही. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, 24 आठवडे पूर्ण मात्रा घेतलेल्या गटातल्या साधारण दहापैकी एका रुग्णात उपचार संपल्यावरही ते प्रथिन सापडलं नाही.

दहात एक म्हणजे कमीच. पण जुनं औषध जिथे अपुरं पडतं, तिथेच ही कल्पना कसाला लावावी, असं आम्हाला वाटतं.