नावात वेलांटी चालत नाही

गूगलने २००९ साली जाहीर केलेल्या 'गो' या प्रोग्रामिंग भाषेत व्हेरिएबलला 'वन' हे नाव देता येते, 'वाघ' देता येत नाही. 'गड' चालतो, 'चिमूर' आणि 'गडचिरोली' चालत नाहीत. काना, वेलांटी, उकार यांना युनिकोड स्वतंत्र अक्षर मानत नाही, जोडचिन्ह मानते. आणि गोमध्ये अशा चिन्हांना नावात जागा नाही. ही नजरचूक नव्हे. गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांतच या नियमाने देवनागरीसारख्या लिपी वगळल्या जातात, अशी कबुली आहे.

'वन'चीही पुरती सुटका नाही. एका पॅकेजमधले नाव दुसऱ्या पॅकेजला वापरता यावे, तर ते कॅपिटल अक्षराने सुरू व्हावे लागते. देवनागरीत कॅपिटल नाहीच. रुबीत क्लासच्या आणि हॅस्केलमध्ये टाइपच्या नावाला हीच अट आहे.

कॅपिटल-स्मॉलचा वाद तसा जुना. फोरट्रान, बेसिक, पास्कल यांनी हा फरक मानला नाही. सी, जावा, पायथन यांनी मानला. पीएचपीत व्हेरिएबलच्या नावात तो पाळतात, फंक्शनच्या नावात पाळत नाहीत. ही तडजोड सर्वांत वाईट, कारण शिकणाऱ्याला ती नुसती पाठ करावी लागते. फरक मानण्याला हरकत नाही. पण मोजक्या लिपींत असलेल्या गुणावर भाषेचे व्याकरण उभे करणे अन्यायाचे आहे.

फाइलच्या सुरुवातीला लिहून तिच्यापुरता नियम बदलणाऱ्या सूचनांची कथा अधिक आशादायक आहे. पायथन २ मध्ये फाइलच्या पहिल्या दोन ओळींत एन्कोडिंग सांगितले नसेल, तर एखाद्या मराठी टिपेवरही प्रोग्राम अडायचा. २००८ च्या पायथन ३ ने यूटीएफ-८ गृहीत धरले. ती ओळ अनावश्यक झाली आणि 'चिमूर' हे वैध नाव ठरले. सूचनेने असेच काम करावे: जुना कोड सांभाळावा, आणि वेळ आली की मूळ नियमात विरून जावे. काटेकोर नियम लावणारे जावास्क्रिप्टचे 'यूज स्ट्रिक्ट' अर्ध्या वाटेवर आहे. मॉड्यूलमध्ये ते आपोआप लागू होते, साध्या फाइलीत आजही लिहावे लागते. पीएचपी ७ मधली टाइप काटेकोर तपासण्याची सूचना मात्र फाइलीपुरतीच राहिली. एकच फंक्शन एका फाइलीतून बोलावले तर चूक दाखवते, दुसरीतून बोलावले तर मुकाट चालते.

मराठीची स्वतःची गुंतागुंतही आहे. 'दऱ्या' युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, जावास्क्रिप्टला ती दोन वेगळी नावे वाटतात. कॅपिटल-स्मॉल निदान डोळ्यांना दिसते!

चंद्रपूर-गडचिरोलीत बोलल्या जाणाऱ्या गोंडीच्या दोन लिपी, मसराम आणि गुंजाला, २०१७ व २०१८ साली युनिकोडमध्ये आल्या. त्यांतही कॅपिटल नाही, स्वरचिन्हे मात्र आहेत. नावांत जोडचिन्हे चालू देणारी युनिकोडची शिफारस तयार आहे. पायथन आणि रस्ट तिच्याच आधारे चालतात. नवी भाषा घडवणाऱ्यांनी ती पहिल्या आवृत्तीपासूनच स्वीकारावी.