सोपाऱ्याचा स्तूप आणि संशोधन-नियतकालिकांची विश्वासार्हता

संशोधन-नियतकालिकात छापलेल्या विधानावर वाचकाने कोणत्या आधारावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न अलीकडे वारंवार उपस्थित होतो. त्याचे उत्तर बहुधा मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या याद्यांत शोधले जाते. वस्तुतः वसई तालुक्यातील सोपाऱ्याविषयी लिहिल्या गेलेल्या एका जुन्या निबंधात ते अधिक स्पष्टपणे सापडते.

पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये सोपारा येथील ‘बुरूड राजाचा कोट’ या नावाचा ढिगारा खणला. तो बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या गर्भातील दगडी पेटीत तांब्याचा करंडक व त्याभोवती सात बुद्ध आणि मैत्रेय यांच्या मिळून आठ धातुमूर्ती होत्या. करंडकात रुपे, दगड, स्फटिक आणि सोने यांचे करंडक एकात एक बसविलेले होते. सर्वांत आतील सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे आढळले. यज्ञश्री सातकर्णीचे एक रौप्य नाणेही मिळाले. हा वृत्तांत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या निबंधाचे मोल केवळ शोधाच्या अपूर्वतेत नाही. काय सापडले आणि त्यावरून काय अनुमान निघते, या दोन गोष्टी वाचकास वेगळ्या करता येतात. भांड्याचे तुकडे ही वस्तुस्थिती. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत, हे पंडितांचे मत. नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील आहे. मूर्ती मात्र शैलीवरून आठव्या-नवव्या शतकातील मानल्या जातात. हा मेळ कसा घालावा, याविषयी मतभेदास जागा आहे. परंतु मूळ नोंद शाबूत असल्यामुळे मत बदलले तरी निबंध निरुपयोगी ठरत नाही. शिवाय ते करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रही राहिले, हेही महत्त्वाचे.

अशोकाच्या शिलालेखांची कथा याहून बोलकी आहे. १८८२ मध्ये सोपाऱ्यास आठव्या लेखाचा एक खंड मिळाला. त्यावरून येथे चौदा लेखांची संपूर्ण मालिका असावी, असे अनुमान होते. १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा खंड हाती आला आणि त्या अनुमानास चौऱ्याहत्तर वर्षांनी बळ मिळाले. प्रसिद्ध झालेले विधान असे पुढील पुराव्याची वाट पाहत राहते.

याच्या शेजारी विद्यापीठ अनुदान आयोगाचा अलीकडील अनुभव ठेवून पाहावा. मे २०१८ मध्ये आयोगाने आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. त्याच वर्षी ‘केअर’ या नावाची नवी व्यवस्था योजिली; तीही २०२५ मध्ये रद्द केली व निवडीचा भार संस्थांवर सोपविला. पदोन्नती आणि पदवी निबंधांच्या संख्येशी बांधली गेली, की पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्यांचा धंदा फोफावतो. याद्या त्या धंद्यास पायबंद घालू पाहतात. पण यादीत शिरणे हेच मग त्या धंद्याचे उद्दिष्ट बनते.

यावर असा आक्षेप येईल, की १८८२ मधील विद्वानांचे वर्तुळ लहान होते. आज निबंधांचा ओघ एवढा मोठा आहे, की चाळणीवाचून गत्यंतर नाही. आक्षेप रास्त आहे. चाळणी हवीच. तथापि चाळणीने खडे वगळता येतात, धान्य पिकविता येत नाही. नियतकालिकाची पत संपादकाच्या नित्याच्या कामावर ठरते: लेख खरोखर जाणकाराने तपासला काय, मूळ साधने कोठे पाहावयास मिळतील हे नोंदविले काय, आणि चूक उघडकीस आल्यावर दुरुस्ती त्याच पानांतून ठळकपणे छापली काय?

यांपैकी शेवटची कसोटी सर्वांत कठीण होय, कारण तीत लेखक व संपादक या दोघांच्याही अभिमानास धक्का बसतो. ज्या नियतकालिकाच्या खंडांत दुरुस्तीची एकही नोंद नाही, ते निर्दोष असण्यापेक्षा तेथे कोणी तपासून पाहत नसण्याचा संभव अधिक. सोपाऱ्याच्या निबंधाशी आजचा अभ्यासक वाद घालू शकतो. त्याच्यावर विश्वास ठेवण्याचे कारणही तेच आहे.