चार्ली पार्करची ध्वनिमुद्रणे : वेदना की विचार?

अमेरिकेतील काळ्या माणसांच्या लढ्याशी आपल्या चळवळीने फार पूर्वीच नाते जोडले. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली तेव्हा नावच ब्लॅक पँथरवरून घेतले गेले. रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन, लँग्स्टन ह्यूज ही नावे आपल्या चर्चासत्रांतून रुजली. परंतु त्या समाजाच्या संगीताकडे आपण तितक्या गांभीर्याने वळलो नाही. संगीत म्हणजे गुलामगिरीच्या काळापासून साठलेला आक्रोश, असे एक वाक्य आपण ठरवून ठेवले आणि पुढे गेलो. हे वाक्य खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण ते अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणात एक अपमान दडलेला आहे. तो मला सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर याच्या स्टुडिओतील ध्वनिमुद्रणांचा संच ऐकताना जाणवला.

सॅव्हॉय आणि डायल या दोन छोट्या कंपन्यांसाठी पार्करने १९४४ ते १९४८ या काळात जे वाजवले ते सारे २००० साली आठ सीडींच्या संचात एकत्र आले. ‘सारे’ हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. बाजारात आलेल्या तबकड्यांबरोबरच बाजूला ठेवलेले, अर्ध्यावर तुटलेले, चुकलेले टेकही त्यात आहेत. एकच चाल तीनदा, चारदा, पाचदा येते. सामान्य श्रोत्याला हे कंटाळवाणे वाटेल. मलाही पहिल्या वेळी वाटले. शिवाय १९४४ मधील टायनी ग्राइम्सच्या ताफ्यातील दोन गाणी आणि १९४७ मधील अर्ल कोलमनचे गायन वगळले असते तर काही बिघडले नसते, असे माझे मत आहे. पण संच पूर्ण ऐकल्यावर ध्यानात आले की या तुटक्याफुटक्या टेकमध्येच आपल्या कामाची गोष्ट आहे.

पार्करचा जन्म १९२० चा, कॅन्सस सिटीचा. आई रात्री तारकचेरीत साफसफाई करी. तिनेच पोराला वाद्य घेऊन दिले. शाळा सुटली. पंधरा-सोळाव्या वर्षी एका मैफलीत तो वाजवायला उभा राहिला आणि भरकटला, तेव्हा जो जोन्स या नामांकित ड्रमवादकाने झांज त्याच्या पायांशी फेकली. सभेतून हुसकावल्यासारखेच ते. त्यानंतर त्याने काय केले? लेस्टर यंगच्या तबकड्या घेऊन तो डोंगराळ भागातल्या एका हंगामी नोकरीवर गेला आणि त्या ऐकून ऐकून पाठ केल्या. १९५४ साली एका रेडिओ मुलाखतीत त्याने सांगितले की तीन-चार वर्षे तो दिवसाला अकरा ते पंधरा तास सराव करीत असे, आणि शेजारी कंटाळून आईला घर सोडायला सांगण्याच्या बेतात होते. पुढे न्यूयॉर्कमध्ये आल्यावर त्याने आठवड्याला नऊ डॉलरवर एका खानावळीत भांडी घासली. त्या खानावळीत आर्ट टेटम पियानो वाजवी, म्हणून.

ही हकीकत सांगण्याचे कारण आहे. पार्करविषयी लिहिणाऱ्या अनेकांनी त्याला ‘निसर्गदत्त’ ठरवले. जणू पक्षी गातो तसा तो वाजवी. टोपणनाव ‘बर्ड’ असल्याने त्यांची सोयच झाली. माझे वडील वस्तीतल्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत. पहाटे उठून, रीड जिभेवर ओली करून, ते ओढ्याच्या काठी जाऊन एकच तान शंभर वेळा वाजवीत. हे आम्ही पाहिले. मांडवात मात्र लोक म्हणत, “या लोकांच्या रक्तातच असतं ते.” आणि बँडवाल्यांची पंगत मांडवाबाहेर बसे. रक्तात आहे म्हटले की कष्टाचा हिशेब द्यावा लागत नाही, बुद्धीची दखलही घ्यावी लागत नाही.

२६ नोव्हेंबर १९४५ या दिवसाची सॅव्हॉयची बैठक घ्या. मॅक्स रोच ड्रमवर, एकोणीस वर्षांचा माइल्स डेव्हिस ट्रम्पेटवर, आणि डिझी गिलेस्पी कधी पियानोवर तर कधी ट्रम्पेटवर. पार्करची रीड त्रास देत होती. वाद्यातून चिरका आवाज निघतो आणि तो ध्वनिमुद्रणात तसाच राहिला आहे. (हा आवाज मी घरात इतका ऐकला आहे की तो येताच मला हसू फुटले.) ‘बिलीज बाउन्स’ या चालीचे त्या दिवशी पाच टेक झाले. ही ब्लूजची चाल आहे, म्हणजे बारा मापांचा साचा पुन्हा पुन्हा फिरतो, आणि दर मापात चार ठोके असतात. पाचही टेक ओळीने ऐकले की दिसते : हा माणूस प्रत्येक वेळी स्वतःच्या आधीच्या मांडणीवर टीका करतो आहे. एखादा तुकडा पहिल्यात घाईने येतो, पुढे तो सरकवला जातो, मग टाकून दिला जातो. जिथे रीड दगा देते तिथे वाक्य आखडते आणि दुसऱ्या वाटेने पुरे होते. खोडून पुन्हा लिहिलेली वही पाहावी तसे हे आहे. आक्रोश करणारा माणूस असे खाडाखोड करीत नाही. विचार करणारा करतो.

त्याच दिवशी ‘को को’ झाले. रे नोबल या इंग्रज वादकाच्या ‘चेरोकी’ या १९३८ च्या गाण्याखालची कॉर्डची मांडणी पार्करने घेतली आणि तिच्यावर सर्वस्वी नवे बांधकाम केले. पहिल्या टेकमध्ये नवी सुरुवात वाजते आणि मग मूळ ‘चेरोकी’ची चाल सुरू होते. तेवढ्यात शीळ आणि टाळ्या ऐकू येतात व सारे थांबते. दुसऱ्या टेकमध्ये चालच गायब. सुरुवात संपताच पार्कर थेट आपल्या विस्तारात शिरतो, मिनिटाला तीनशेच्या आसपास ठोके अशा गतीने, चौसष्ट मापांची दोन आवर्तने. सारे जेमतेम तीन मिनिटांत, कारण तबकडीच्या एका बाजूवर तेवढेच मावे. मूळ चाल का काढली? असे सांगितले जाते की तिच्या हक्काचे पैसे मूळ रचनाकाराला द्यावे लागले असते. कॉर्डच्या मांडणीवर कायद्याने कोणाची मालकी नसते, चालीवर असते. मालकाची काटकसर आणि कलावंताची झेप एकाच टेकमध्ये अशी गुंतलेली मी अन्यत्र पाहिलेली नाही. या गुंत्याकडे कलावादी समीक्षक पाहत नाहीत, आणि आपल्यातले काही जण फक्त त्याच्याकडेच पाहतात.

त्याच बैठकीतली तिसरी चाल ‘नाउज द टाइम’, म्हणजे ‘हीच वेळ आहे’. शीर्षकाचा अर्थ ज्याने त्याने लावावा. तिच्या मुखड्यावर १९४९ साली पॉल विल्यम्सचे ‘द हकलबक’ हे नाचाचे गाणे निघाले, तेही सॅव्हॉयकडूनच. काळ्या श्रोत्यांच्या विक्रीयादीत ते चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. त्यावर रचनाकार म्हणून पार्करचे नाव नव्हते.

डायलची कहाणी निराळी आणि अधिक दुःखद आहे. हॉलीवूडमध्ये तबकड्यांचे दुकान चालवणाऱ्या रॉस रसेलने ही कंपनी काढली. मार्च १९४६ च्या बैठकीत ‘यार्डबर्ड सूट’, ‘ऑर्निथॉलॉजी’ अशा चाली झाल्या. ‘मूस द मूच’ हे नाव हेरॉइन पुरवणाऱ्या एका माणसावरून आले, आणि डायलकडून मिळायच्या मानधनाचा निम्मा वाटा पार्करने त्याच माणसाला लिहून दिला. २९ जुलै १९४६ रोजी तो स्टुडिओत आला तेव्हा शरीर मोडले होते. हेरॉइन मिळत नव्हते, दारू पोटात होती, उभे राहवत नव्हते. ‘लव्हर मॅन’ या गाण्यात तो उशिरा शिरतो, वाक्ये अर्धी सुटतात. त्याच रात्री हॉटेलातील त्याच्या खोलीला आग लागली, अटक झाली, आणि पुढचे सहा महिने कॅमॅरिलोच्या मनोरुग्णालयात गेले. रसेलने ती तबकडी विकली. पार्करला तिचा शेवटपर्यंत संताप होता.

(योगायोग असा की त्याच जुलै महिन्यात बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रसंघाकडील अर्जाची प्रत मागितली होती. ड्यू बॉइस यांचे उत्तर ३१ जुलैचे आहे, ‘लव्हर मॅन’नंतर दोनच दिवसांनी. त्या पत्रांचा पार्करशी संबंध नाही. पण एकाच आठवड्यात एकाच समाजाची दोन कामे चालू होती हे मला विसरता येत नाही.)

आता गंमत पाहा. ज्या ध्वनिमुद्रणाची कलावंताला लाज वाटली तेच पुष्कळ रसिकांना सर्वांत ‘खरे’ वाटते. त्यात वेदना उघडी आहे म्हणे. रसेलने पुढे १९७३ साली पार्करचे चरित्र लिहिले आणि त्यात असे प्रसंग कादंबरीसारखे रंगवले. मला हा आस्वाद परका नाही. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी दलित आत्मकथनांविषयी बोलताना मला सांगितले होते की त्यांत अनुभव जबरदस्त असतो, फक्त ‘रचनेची अपेक्षा तिथे करू नये’. त्यांचा हेतू चांगला होता. पण आम्ही रडलो तर अस्सल, आणि रचले तर संशयास्पद, हा तोच न्याय झाला. आपण स्वतःही वेदना हा निकष इतका पुढे केला आहे की आपल्याच लेखकांची खाडाखोड, त्यांची निवड, त्यांनी टाकून दिलेली पाने यांविषयी आपण अभ्यासकांना कधी विचारलेच नाही.

‘लव्हर मॅन’ ऐकू नये असे माझे म्हणणे नाही. ते ऐकावे, पण २६ फेब्रुवारी १९४७ चे ‘रिलॅक्सिन अ‍ॅट कॅमॅरिलो’ त्याच्या शेजारी ठेवून. रुग्णालयातून सुटल्यावर महिन्याभरात त्याने ही ब्लूजची चाल बांधली. ती इतकी वाकडी आणि अवघड आहे की सोबतच्या वादकांना बसवताना घाम फुटला. त्या सहा महिन्यांविषयी त्याला जे म्हणायचे होते ते त्याने अशा नेटक्या रचनेतून म्हटले, आणि नाव दिले त्यात थट्टाही आहे.

या संचाविषयी एक प्रश्न मात्र माझ्याकडून सुटत नाही. हे जादा टेक आपल्याला मिळाले ते कंपन्यांनी जपले म्हणून, आणि जपले ते विकता यावेत म्हणून. पार्कर १९५५ साली चौतिसाव्या वर्षी वारला. मृतदेह पाहणाऱ्या डॉक्टरांनी वय त्रेपन्नच्या आसपास धरले होते. त्याने नाकारलेले वाजवणे बाजारात आणायला त्याची संमती कोणी घेतली? ज्या पुराव्यावर मी त्याची बुद्धी सिद्ध करतो आहे तो पुरावाच त्याच्या हक्कावरच्या अतिक्रमणातून आला आहे. तरीही मी तो वापरतो.

नवख्या वाचकाने संच पहिल्यापासून ऐकू नये. २८ ऑक्टोबर १९४७ चे ‘एम्ब्रेसेबल यू’चे दोन टेक आधी काढावेत. जॉर्ज गर्श्विनचे हे गाजलेले प्रेमगीत. पहिल्या टेकमध्ये पार्कर मूळ चाल जवळजवळ वाजवतच नाही. एक छोटा स्वरसमूह घेतो, तो पुन्हा पुन्हा उचलतो, वर नेतो, फिरवतो आणि त्यातूनच पूर्ण इमारत उभी करतो. मग दुसरा टेक लावावा. तेच गाणे, तेच सोबती, तोच दिवस. आणि पहिल्या वाक्यापासून सगळे वेगळे आहे.