छपराचे पूल आणि कल्पित दप्तर

रॉबर्ट जेम्स वॉलर यांची ‘द ब्रिजेस ऑफ मॅडिसन काउंटी’ ही इंग्रजी कादंबरी सन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली व १९९५ मध्ये तिजवरून चित्रपटही निघाला. प्रेमकथेचे परीक्षण या त्रैमासिकात कशास, असे वाचक विचारतील. ग्रंथकाराने आपल्या कथेचा पाया जुन्या कागदपत्रांवर रचिला आहे आणि ते कागद कल्पित आहेत, एवढे कारण आम्हांस पुरेसे वाटते.

अमेरिकेतील आयोवा संस्थानात मॅडिसन नावाचा परगणा आहे. तेथे दोहों बाजूंस फळ्यांच्या भिंती व वर छप्पर असलेले एकोणीस लाकडी पूल होते. पैकी सहा उरले आहेत. त्यांची चित्रे घेण्यास सन १९६५ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाचा छायाचित्रकार येतो, एका शेतकऱ्याच्या पत्नीशी त्याचा चार दिवसांचा स्नेह जडतो, आणि ती रोझमन पुलावर त्याच्याकरिता चिठ्ठी टाचून ठेवते. तिच्या मृत्यूनंतर मुलांनी वह्या व पत्रे आपल्या स्वाधीन केली, असे ग्रंथकार आरंभी सांगतो. शेवटी एका वादकाची जबानीही जोडतो. इतका पुरावा आमचे बखरकारसुद्धा देत नाहीत! परिणाम असा झाला की, त्या छायाचित्रकाराची चित्रे असलेला अंक मिळावा म्हणून वाचकांनी मासिकाकडे खरोखरीच विचारणा केली. असा अंक कधी निघालाच नव्हता.

कादंबरीकाराच्या स्वातंत्र्यास आमची हरकत नाही, व सायंकाळच्या पुलांचे त्याचे वर्णन मनोहर आहे हेही आम्ही मान्य करितो. परंतु पूल खरा म्हणून चिठ्ठीही खरी, ही वाचकाची समजूत संशोधकास घातक आहे. छपराचे प्रयोजन पाहू गेल्यास ते प्रेमिकांचा आडोसा नव्हे. तळाची मोठी लाकडे बदलणे महाग, भिंती व छपराच्या फळ्या त्या मानाने स्वस्त. म्हणून स्वस्त लाकडाने महाग लाकूड झाकिले. आपण दप्तरास रुमाल बांधितो तो याच हिशेबाने. अग्नीपुढे मात्र रुमालाचे काही चालत नाही: सीडर पूल सन २००२ मध्ये कोणी जाळिला, पुन्हा बांधिल्यावर २०१७ मध्ये पुनश्च जाळिला, आणि तिसऱ्याने उभा राहिला.

आमच्याकडे छपराचे पूल नाहीत, पण मोह तोच आहे. पुण्याच्या लकडी पुलाचे लाकूड केव्हाच गेले, दगडी पूल आला, त्यास संभाजी महाराजांचे नाव मिळाले. तरी लोक लकडी पूलच म्हणतात, आणि पानिपताहून परतणाऱ्या सैन्याची कथा त्यास चिकटलेली आहे. कथा हृदयस्पर्शी आहे एवढ्यावरून ती इतिहासात घ्यावी काय? येथे नागपुरात काशीराव राजेश्वर गुप्ते यांची ‘नागपूरकर भोसल्यांची बखर’ वाचताना ती रेसिडेंट जेन्किन्सच्या सांगण्यावरून लिहिली गेली, हे आपण क्षणभरही विसरत नाही. कागद कोणी, कोणाकरिता लिहिला हा प्रश्न पुलाच्या कथेस विचारण्यास संकोच का वाटावा, हे आम्हांस कळत नाही.

रोझमन पूल सन १८८३ मध्ये बेंटन जोन्स याने बांधिला. लांबी १०७ फूट. त्याच्या छपराखालील तिरप्या फळ्यांची जाळी आजही पाहावयास मिळते, आणि तिची साक्ष त्या चिठ्ठीहून अधिक भरवशाची आहे.