भिंतीवरचा ‘ब’ आणि ‘व’

गणपती उठले, की आमच्या बोरगावातल्या पोरांचे हात शिवशिवू लागतात. यंदा तरुण मंडळातली चौघे कागदांची सुरळी घेऊन दारात आली. “गुरुजी, शाळेजवळच्या भिंतीवर स्टेन्सिल मारायचंय. ह्यातलं एक ठरवून द्या की.” वर्गणीचे पावतीपुस्तक नाही, या आनंदात मी चष्मा लावला.

पहिले चित्र फुगा सुटलेल्या मुलीचे. बँक्सी नावाच्या, तोंड न दाखवणाऱ्या इंग्रज चित्रकाराने ते २००२ साली लंडनच्या भिंतीवर छापले. चित्र उत्तमच. पण तिथल्या पादचाऱ्याला ते अवचित भेटले होते; आमच्या पोरांनी ते मोबाईलवरून उतरवलेले, म्हणजे सर्वांना आधीच भेटलेले. माझा आक्षेप नकलेला नाही. इतके ओळखीचे चित्र माणसाला भिंतीपाशी थांबवत नाही, म्हणून ते बाजूला ठेवले.

दुसरे शिवछत्रपतींचे, एका बाजूने दिसणारे मुख. जिरेटोप, नाक, दाढी. तीन रेषांत ओळख पटते. साच्याला याहून सोयीचे काही नाही, आणि अडचण तीच आहे. जीप, ट्रॅक्टर, दुकानाची काच, सगळीकडे तेच. महाराजांविषयीचा आदर आणि चित्राविषयीचे मत निराळे ठेवण्याची मुभा टीकाकाराला असावी. (पोरांसमोर हे बोलायचे धाडस झाले नाही, म्हणून इथे लिहितो.)

मला हा अधिकार कुणी दिला? एका फसलेल्या साच्याने. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात आम्हीही रात्रीच्या भिंती रंगवल्या. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह’ ही घोषणा गेरूने उठवायची होती. अक्षराच्या पोटातली पोकळी धरून ठेवायला साच्यात पत्र्याचे बारीक पूल ठेवावे लागतात, हे कुणाला ठाऊक! पोटे गळून पडली. उजाडल्यावर पाहतो तो बेळगावच्या दोन्ही टोकांना सारखेच तांबडे गोळे. ‘ब’ कुठला आणि ‘व’ कुठला, आम्हालाच सांगता येईना.

दोष पत्र्याचा होता, तसा निवडीचाही. ती घोषणा घशासाठी घडलेली. पाच नावे एका दमात म्हणण्यातच तिचे बळ. एस.टी.च्या खिडकीतून निपाणीपर्यंत वाचेतो भिंत संपते. उलट कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आठवा. गावचा कुठलाही पेंटर तो फूटपट्टीने काढी आणि कानडी-मराठी, शिकलेला-अडाणी, सर्वांना तो कळे. त्यातला उपदेश मला कधी रुचला नाही, पण चिन्ह म्हणून तो पैकीच्या पैकी गुण घेतो.

तिसरा कागद सर्वांत मागे उभ्या असलेल्या पोराचा होता. मांडीवर सूप घेऊन विडी वळणारी बाई. त्याची आईच असावी. त्याने सांगितले नाही, मी विचारले नाही. चित्रात चुका पुष्कळ. चेहरा फार बारीक, पदराच्या सुरकुत्या साच्यात टिकणाऱ्या नाहीत. पण सूप, त्यावर वाकलेले दोन हात आणि बोटांत धरलेले पान, एवढे लांबूनही उमटत होते. निपाणीच्या तंबाखूवर या भागातल्या किती चुली पेटल्या! त्या चुलींपुढे कानडी बोलत होते की मराठी, हे धुरावरून ओळखता येत नाही. चेहरा काढून टाक, हात मोठे कर, असे त्याला सांगितले.

“मग गुरुजी, आपली भाषा कुठं लिव्हायची?” दुसऱ्याने विचारले.

प्रश्न मला लागला. अक्षरे टाळून मी सोपी वाट धरली असेन. उत्तर सुचेना, तेव्हा खाली एकच शब्द लिहा म्हटले. कुठला, यावर त्यांचे अजून भांडण चालू आहे.

जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर साचा कापून पहिला छापा आमच्या गोठ्याच्या मागल्या भिंतीवर मारला. हात नेमके उठले. सुपाची कड मात्र पसरली. पूल आणखी रुंद ठेवायला सांगितले आहे.