उसाच्या फडातली भीती: विशाल फुरिया यांचे भयपट आणि खानदेश

मराठी भयपटाने बराच काळ भीतीला विनोदाच्या हाती सोपवले होते. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मध्ये (१९९३) रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यात तात्या विंचूचा आत्मा शिरतो खरा, पण प्रेक्षकाला धड घाबरूही न देता लक्ष्मीकांत बेर्डे त्याला हसवून मोकळे होतात. विशाल फुरिया यांनी ‘लपाछपी’त (२०१७) ही सवलत काढून घेतली. सावकारांच्या तगाद्यातून सुटण्यासाठी शहरातले जोडपे उसाच्या फडातल्या एकाकी घरात आसऱ्याला येते. दिवस भरत आलेली नेहा (पूजा सावंत) आणि तिची मायेने काळजी घेणारी तुळसाबाई (उषा नाईक) यांच्यातल्या घरगुती जवळिकीतूनच धोका उगवतो. मुलगी नको म्हणून घेतले गेलेले जीव हे त्यातल्या भुतांचे मूळ आहे.

अशा चित्रपटांना लोकभयपट म्हणता येईल, म्हणजे ज्यात भीती बाहेरच्या राक्षसाकडून येत नाही, तर एका गावाच्या सर्वमान्य रूढीतून येते, आणि बाहेरून आलेला माणूस तिचा बळी ठरतो. ब्रिटिश दिग्दर्शक रॉबिन हार्डी यांचा ‘द विकर मॅन’ (१९७३) हा त्याचा गाजलेला नमुना. तिथेही पीक आणि बळी यांचे नाते आहेच. फुरियांचे वेगळेपण असे की त्यांच्या रूढीला जनगणनेचा आधार आहे. २०११ च्या जनगणनेत खानदेशातल्या जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या साडेआठशेच्याही खाली होती, आणि राज्यातल्या सर्वांत कमी प्रमाणाच्या जिल्ह्यांत त्याची गणना झाली. ‘लपाछपी’चे कथानक खानदेशात घडत नाही, तरी जळगावच्या प्रेक्षकाला ते परके वाटण्याचे कारण नाही.

फुरियांचा पुढचा प्रवास मात्र चढता म्हणता येत नाही. ‘बळी’ (२०२१) रुग्णालयाच्या ओसाड भागात रेंगाळतो. ‘लपाछपी’चाच हिंदी अवतार असलेला ‘छोरी’ (२०२१) नीटस आहे, पण मूळ चित्रपटातल्या बोलण्याचा खरखरीतपणा त्यात उरलेला नाही. आणि काजोलची भूमिका असलेल्या ‘माँ’मध्ये (२०२५) देवी-दैत्याचा संगणकी संग्राम इतका मोठा होतो की गाव नावापुरतेच राहते. निर्मितीचा पैसा वाढत गेला आणि जागा पुसट होत गेली, असाच हा आलेख आहे.

खानदेशाकडे तर लोकभयपटाला लागणारी सामग्री भरपूर आहे: रावेर-यावलच्या केळीच्या बागा, जिथे रात्री पाणी भरायला गेलेल्या माणसाला पानांच्या गर्दीत चार हातांपलीकडचे दिसत नाही; सातपुड्यातली डाकीण प्रथा, म्हणजे एखाद्या बाईला चेटकीण ठरवून तिचा छळ करण्याची रूढी, जिला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही पुरता आवर घालू शकलेला नाही; आणि अहिराणी बोली. पण या परिसरात कॅमेरा ज्यांनी हाती घेतला, त्या शेजारच्या मालेगावातल्या नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’सारखी विडंबनेच केली, म्हणजे इथेही पहिला मान विनोदालाच मिळाला.