पूर्ण गुण मिळालेला तास

माझी मावसबहीण बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आंतरवासितेत तिला एका शाळेत सातवीच्या वर्गावर गणिताचा पाठ घ्यायचा होता: परिमिती आणि क्षेत्रफळ. आदल्या रात्री तिचा फोन आला. “दादा, पीपीटी करून देशील? उद्या निरीक्षणाला सर येणार आहेत, आणि तंत्रज्ञानाला वेगळे गुण आहेत.” मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. तासाभराचं काम. बावीस स्लाइड्स केल्या. आयताच्या कडा एकेक करून उजळत, आतली जागा निळी भरत जाई आणि शेवटी सूत्र गिरकी घेत येई.

निरीक्षण तक्त्यात ‘तंत्रज्ञानाचा वापर’ या रकान्यात तिला पूर्ण गुण पडले. संध्याकाळी तिचा आवाज मात्र पडलेला होता. “अकराव्या स्लाइडला एका मुलाने विचारलं, मॅडम, दोरी जास्त लांब घेतली की आतली जागापण जास्त होणारच ना? मी म्हटलं, ते पुढे बघू. आणि पुढे तर सरळ सूत्रच होतं, दादा.”

त्या मुलाचा समज चुकीचा आहे, पण तो साधासुधा नाही. लिपिंग मा यांनी १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ शिक्षकांपुढे जवळपास हाच प्रसंग ठेवला होता: एक विद्यार्थिनी येऊन सांगते की परिमिती वाढली की क्षेत्रफळही वाढतं, तुम्ही काय कराल? अमेरिकी शिक्षकांपैकी बहुतेकांना हा दावा नीट तपासता आला नाही. चिनी शिक्षकांपैकी बरेच जण स्वतः आकृत्या काढून तो तपासायला बसले. म्हणजे सातवीतल्या त्या मुलाने पाठाच्या नेमक्या गाभ्यावर बोट ठेवलं होतं. माझ्या बावीस स्लाइड्समध्ये त्याच्यासाठी जागा नव्हती, कारण त्या करताना मी त्याचा विचारच केला नव्हता. मी गुणांच्या रकान्याचा विचार केला होता.

आमच्या कामात याला नाव आहे: टेस्ट पास झाली, पण टेस्टच चुकीची लिहिलेली होती. म्हणून मी बहिणीकडून तिची आयसीटीची फाइल मागून घेतली. वर्डमध्ये लिहिलेला अर्ज, एक्सेलमधली गुणपत्रिका, ईमेल कसा पाठवावा, पीपीटी कशी करावी. प्रत्येक पायरीच्या स्क्रीनशॉटचे रंगीत प्रिंट, खाली सही. जी मुलगी बसमध्ये उभ्याउभ्या रील एडिट करते, तिच्याकडून ईमेल पाठवल्याचा पुरावा कागदावर घेतला होता.

गंमत अशी की कागदावर हे असं अपेक्षित नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ साली बी.एड. दोन वर्षांचं केलं, तेव्हाच्या आराखड्यात या भागाचं नाव आहे ‘क्रिटिकल अंडरस्टँडिंग ऑफ आयसीटी’. त्यातला पहिला शब्द महत्त्वाचा. चिकित्सा करा, असं तो सांगतो: हे साधन इथे का, आणि कशाच्या बदल्यात? वर्गापर्यंत येता येता तो शब्द गळून पडतो आणि उरतो तो कॉम्प्युटरचा क्लास.

हे आजचं नाही. १९८४ साली ‘क्लास’ प्रकल्पात आपल्या शाळांमध्ये बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर आले. २००४ मध्ये शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह सोडला गेला. २०१७ मध्ये दीक्षा आलं आणि पुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड छापले जाऊ लागले. प्रत्येक वेळी यंत्र आधी पोचलं आणि ते कुठे उपयोगी पडेल हे ठरवायची जबाबदारी त्या वेळी वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकावर पडली. मग आपण म्हणतो, शिक्षकांना टेक्नॉलॉजी जमत नाही.

उलटा रस्ताही आपल्याच राज्यात दिसतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तक दुसऱ्या भाषेत, हे त्यांनी पाहिलं. पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली आणि त्यात कविता, व्हिडिओ, गृहपाठ यांच्याकडे नेणारे क्यूआर कोड घातले. बातम्यांमध्ये कोड गाजला. मला जास्त महत्त्वाची वाटते ती त्याआधीची गोष्ट: मूल नेमकं कुठे अडलंय, हे आधी दिसलं. कोड नंतर आला. आपल्या प्रशिक्षणात मात्र कोड स्कॅन कसा करायचा हे शिकवतात.

या क्रमाचा सिद्धान्तही जुना आहे. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडलं की विषय येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं, आणि तो विशिष्ट विषय शिकवता येणं हे तिसरंच ज्ञान आहे. २००६ मध्ये पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोलर यांनी त्याला तंत्रज्ञान जोडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की तंत्रज्ञान सुटं शिकवून भागत नाही. आशय, अध्यापन आणि साधन यांची गाठ एकाच ठिकाणी पडायला हवी. आपल्याकडच्या बी.एड.वाल्यांना हे परकं वाटायचं कारण नाही, ‘आशययुक्त अध्यापन पद्धती’ हा शब्दच इथला आहे. मग आयसीटीचा तास त्यापासून तोडून, वेगळ्या खोलीत, वेगळ्या फाइलमध्ये का?

यावर ठरलेलं उत्तर येतं: शाळांमध्ये प्रोजेक्टर नाहीत, वीज जाते, नेट नसतं. खरंय, आणि ते मिळायलाच हवं. पण बहिणीच्या त्या तासाला वीज होती, स्मार्ट टीव्ही होता, चालू होता. तरी प्रश्न अनुत्तरित राहिला. आता तर पाठ टाचणसुद्धा एआयकडून दोन मिनिटांत मिळतं, स्लाइड्ससकट. माझ्यासारख्या दादाचीही गरज उरलेली नाही. साधन वापरता येणं इतकं स्वस्त झालं असताना त्यालाच गुण देणं म्हणजे पोहण्याच्या परीक्षेत पोशाख घालता येतो का हे बघणं.

मला रकाना काढून टाकायचा नाही. त्यातला प्रश्न बदलायचा आहे. ‘वापरलं का?’ ऐवजी तीन गोष्टी विचारा. या घटकात मुलं कुठे अडतील असं तुला वाटतं? फळ्यावर दिसत नाही असं या साधनाने काय दिसतं? आणि ते तू कधी बंद करशील? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत असेल तर गुण द्या, मग त्या तासाला टीव्ही चालू झालेला नसला तरी. दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेसाठी राखलेले असतात. हे प्रश्न विचारायला तेवढा वेळ पुरेसा आहे.

पुढच्या आठवड्यात तिने त्याच वर्गाचा एक ऑफ तास मागून घेतला. निरीक्षणाला कोणी नव्हतं. चोवीस सेंटिमीटरच्या दोऱ्यांची टोकं बांधून तिने त्या गटागटांत वाटल्या आणि चौकटीच्या वहीवर आयत करायला सांगितले. बाजू ६ आणि ६, क्षेत्रफळ ३६. बाजू ८ आणि ४, क्षेत्रफळ ३२. बाजू ११ आणि १, क्षेत्रफळ अवघं ११. दोरी तीच. मग तिने २६ सेंटिमीटरची दोरी घेऊन १२ आणि १ चा आयत केला: क्षेत्रफळ १२. दोरी लांब झाली आणि जागा ३६ वरून १२ वर आली. तो मुलगा बराच वेळ वहीकडे बघत बसला, असं ती म्हणाली.

मग मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, “मॅडम, पहिल्या दोरीचा गोल केला तर?”

वर्तुळाचं क्षेत्रफळ सातवीला शिकवलेलं नसतं आणि चौकटी मोजायला गोल अवघड. तेव्हा तिने टीव्ही चालू केला, जिओजेब्रा उघडलं, चोवीस परिघाचं वर्तुळ काढलं. पडद्यावर आकडा आला: ४५.८. वर्गात गोंधळ झाला, आणि तास संपल्याची घंटा वाजली.

हे सांगताना ती इतकी भराभर बोलत होती की मला दोनदा थांबवावं लागलं. त्या तासाची कुठेच नोंद नाही. फाइलमध्ये माझ्या बावीस स्लाइड्सचे रंगीत प्रिंट आहेत.